गुलाबांच्या युद्धांची बीजं फ्रान्समध्येही पडली
पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी झालेली गुलाबांची युद्धं म्हणजे "लँकेस्टर आणि यॉर्क या दोन घराण्यांचं वैर, बाकी काही नाही" हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. लँकेस्टर घराण्यातला सहावा हेन्री 1422 ला गादीवर आला तेव्हा जेमतेम नऊ महिन्यांचा होता, म्हणजे कारभार पहिल्यापासूनच सरदारांकडे, त्यात इंग्लंडच्या ताब्यातला फ्रान्समधला मुलूख एकेक करत हातचा गेला, खजिना रिकामा, आणि 1450 ला केंट परगण्यातली माणसं बंडखोर जॅक केडच्या मागे थेट लंडनमध्ये घुसली. त्यांचा मुख्य राग राजावर नव्हता हो, त्याच्या भ्रष्ट सल्लागारांवर होता! मग 1453 ला इंग्रज फ्रान्समधली कास्तियोंची लढाई हरले आणि त्याच वर्षी हेन्रीचं मानसिक संतुलन गेलं, इतकं की मुलगा झाला तेही त्याला कळेना. जवळपास दीड वर्ष राजा असून नसल्यासारखा. या सगळ्यात यॉर्क घराण्याचा प्रमुख रिचर्ड पुढे आला आणि 1455 ला इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स गावात दोन्ही बाजूंच्या तलवारी निघाल्या.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याच युद्धांमधल्या टाऊटनच्या लढाईचं. 1461 चा मार्च, हिमवादळ, वारा तोंडावर, लँकेस्टरवाल्यांचे बाण मधेच पडत होते आणि यॉर्कचे बाण मात्र त्याच वाऱ्यावर येऊन लागत होते.