मदत हवी आहे: जिओफोनला (जमिनीचे हादरे टिपणारा सेन्सर) हायवा कळतो, पण लाईट आली की सगळा घोळ

राम राम मंडळी. गाव गेवराई तालुक्यात, गोदाकाठी. आमच्या बांधाला लागून पाणंद आहे, तिच्यावरून रात्रभर वाळूचे हायवा जातात. रस्त्याचं पार वाटोळं झालंय. ग्रामसभेत विषय काढला तर म्हणे, रोज किती गाड्या जातात ते आकड्यात सांगा. आता रात्रभर बांधावर कोण जागणार? कॅमेरा लावला, त्यात हेडलाईट अन् धुरळाच. मग म्हटलं, हादऱ्यावरून मोजू.

आधी एमपीयू-६०५० (हालचाल मोजणारा सेन्सर) लावला. त्याची स्वतःचीच खरखर एवढी की २५ फुटांवरचा हायवा त्यात दिसेना. मग ४.५ हर्ट्झचा जिओफोन आणला, पुढं एडीएस-१११५ (सिग्नलचे आकडे करणारी चिप) आणि ईएसपी-३२ (छोटा कंट्रोलर), सगळं बॅटरीवर. लाईट नसली की झकास चालतं. भरलेला हायवा आला की आलेखात १०-१५ हर्ट्झला लांबट फुगवटा येतो. रिकामा खड्ड्यात आपटतो, त्याच्या टोकदार उड्या दिसतात. (मला वाटायचं, उलटं असेल.)

पण शेतीची लाईट रात्री आली की १४ हर्ट्झवर ठळक रेघ उमटते, ती लाईट जाईपर्यंत हलत नाही. हायवा तिच्यात बुडतो. वाटलं, विहिरीवरची मोटर हादरत असेल. परवा स्टार्टर बंद करून पाहिला, रेघ तिथंच! जिओफोनची साधी वायर ४० फूट मोटरच्या केबलीसोबतच नेलीय. सॅम्पलिंग, म्हणजे सिग्नल मोजणं, सेकंदाला ६४ वेळा.

आणखी एक. रान काळं, भेगांत मनगट जातं. जिओफोनचा खिळा कितीही ठोका, आठ दिवसांत डुलतो. काय करावं?

प्रतिसाद:
भाऊ, रेघ जमिनीतली नाहीच, वायरीत शिरलेली लाईटची ५० हर्ट्झ आहे. ६४ नं मोजलं की त्याच्या निम्म्या, म्हणजे ३२ च्या वरचं दुमडून खाली येतं. ६४ मधून ५० गेले, राहिले १४. तिथं बसल्यावर कुठलाच फिल्टर तिला हायवापासून वेगळं काढणार नाही. सॅम्पलिंग २५० करा, मग कोडमध्ये ३० च्या वरचं कापा. शील्डची (वरून धातूचं आवरण असलेली) वायर घ्या, केबलीपासून लांबून न्या. खिळ्याचं म्हणाल तर मुरूम लागेपर्यंत खणा आणि तिथं सरळ उभा बसवा. काळ्या मातीवर भरवसा नको.

धागाकर्ता:
दादा, २५० केलं, रेघ ५० वर गेली! मुरूम अडीच फुटांवर लागला. काल रात्री अकरा ते चार १७ गाड्या मोजल्या. पण दोन हायवा पाठोपाठ आले की एकच धरतंय. त्यावर काही?