कोल्हापूर ते तिरुपती: विमानाला नेमका वेळ किती धरायचा?

राजारामपुरी_गल्ली
आई-आप्पांना बालाजीला न्यायचंय. आईचे गुडघे गेलेत त्यामुळं हरिप्रिया एक्स्प्रेसचे वीस-एकवीस तास तिला झेपणार नाहीत म्हणून विमानाचं बघतोय. नेटवर एका साइटवर अंतर साडेसहाशे किमी आणि फ्लाइट ५० मिनिटं, मॅपवर गाडीनं आठशेच्या पुढं, आणि तिकिटावर बघावं तर दीड तासाच्या आसपास. खरं काय धरायचं? दुपारी उतरलो तर त्याच दिवशी संध्याकाळचा दर्शनाचा स्लॉट जमंल काय?

उजळाईवाडीकर
अंतरं दोन्ही खरी आहेत भावा, मोजायची पद्धत वेगळी. साडेसहाशे म्हणजे आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळापासून रेणिगुंट्यापर्यंत सरळ रेष, तिरुपतीचं विमानतळ तिथं आहे. रस्ता बेळगाव, हुबळी, बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा असा वळसा घेत जातो त्यामुळं आठशेच्या वर. ५० मिनिटांचं म्हणशील तर त्या साइटनं ६५० ला ताशी ८०० नं भागलंय, बाकी काय नाही. तसं कुठलं विमान उडत नाही, वर चढायला उतरायला वेग कमीच असतोय. आणि एटीआर असलं, म्हणजे ते पंख्याचं, तर ते ताशी पाचशेच्या आसपासच जातंय, जेट असलं तर थोडं लवकर. तिकिटावर जागेवरनं हलल्यापासून तिकडं जाऊन थांबेपर्यंतचा वेळ असतो, तोच धर.

राजारामपुरी_गल्ली
आणि पाहिजे त्या दिवशी थेट नसलं तर? हैदराबादवरनं जावं काय?

उजळाईवाडीकर
जाता येतं की. कोल्हापूर-हैदराबाद साधारण साडेचारशे, तिथनं तिरुपती सव्वाचारशेच्या आत, पण मधी किती तास बसवतायत ते बघ, अख्खा दिवस जाऊ शकतो. दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर घे, वेगवेगळी काढलीस आणि पहिलं लेट झालं तर दुसरं गेलं, पैसे पण गेले.

सासने_मैदान
माझं ऐका, त्याच दिवशीचा स्लॉट अजिबात घेऊ नका. विमानतळापासून तिरुपती गाव पंधराएक किमी, मग डोंगराच्या पायथ्याला अलिपिरीला सगळ्यांनी गाडीतनं खाली उतरून सामान तपासायचं, मग वर देवळापर्यंत घाट. आप्पा तंबाखू खात असतील तर चंची घरीच ठेवायला सांगा, वर तंबाखू सिगारेट काही चालत नाही, आमच्या सासऱ्यांचा त्यावरनं तिथं केवढा तमाशा झाला होता 😅 वर रूमवर पडू दे त्यांना, दर्शन दुसऱ्या दिवशी.

आणि उलटं करताय तुम्ही. आधी दर्शन बुक करा मग विमान. ऑनलाइन कोटा काही महिने आधी सुटतो आणि बघता बघता संपतो. पासष्टीच्या वरच्यांसाठी वेगळा कोटा असतो, ओळखपत्र ओरिजिनल लागतं. वय काय दोघांचं?

राजारामपुरी_गल्ली
आप्पा ६८, आई ६२ 🤦 म्हणजे पासष्टीच्या वर आप्पा एकटेच. नवरात्रात जावं म्हणत होते ते, आपल्या अंबाबाईला बालाजीचा शालू येतो तेव्हा.

सासने_मैदान
नवरात्रात तिकडं ब्रह्मोत्सव, म्हणजे बालाजीचा मोठा उत्सव असतो, आईचे गुडघे घेऊन त्या गर्दीत कुठं जाताय. तिघांचं दर्शनाचं साधं ३०० रुपयेवालं तिकीट काढा, नवरात्र होऊन गेल्यावरची मधल्या वाराची तारीख बघा, आणि त्या आठवड्यात थेट विमान कुठल्या वारी आहे ते तेव्हाच तपासा, वेळापत्रक सारखं बदलतंय.