रिकाम्या जागेवर मनाच्या खंबीरपणाचा उतारा?

वस्तीशाळेच्या बाई: बीड जिल्ह्यात, जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा. सोबतचे सर बदलून गेले, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. चारही वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, 'तातडीचे, आजच भरा' असली ऑनलाइन माहिती आणि वर बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम, सगळं माझ्याकडे. परवा तालुक्याला ताणतणावाचं प्रशिक्षण झालं. डोळे मिटून श्वास घ्या म्हणाले. तेवढ्यात ग्रुपवर माहिती मागवलेली! रिक्त जागेचं विचारलं तर साधन व्यक्ती म्हणाले, "मॅडम, खचायचं नाही. दृष्टिकोन बदला."

आणि हेच आता मुलांना शिकवायचंय. दिवाळीच्या सुमाराला माझी निम्मी मुलं आईबापासोबत ऊसतोडीला जातात. मागच्या हंगामानंतर परतलेली तिसरीतली पोरगी कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत राहून, धाकट्या भावाला सांभाळून आली होती. तिला मी खंबीरपणा शिकवू? तिचा भागाकार राहिलाय. तो शिकवायला मला वेळ हवाय. तुमच्याकडे असं काही सांगितलं तर तुम्ही काय करता?

निवृत्त केंद्रप्रमुख: बाई, ग्रुपवर लिहून काही होत नाही, कागद करा. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेतच. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देता येत नाही. म्हणजे बीएलओतून सुटका नाही, पण बाकीच्या सर्वेक्षणांना हरकत घेता येते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. हंगामी वसतिगृहाचा प्रस्तावही टोळ्या निघायच्या आधी पाठवा. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेतली की आईबापांना थांबता येत नाही, पोरांना ठेवायची सोय तरी हवी.

हिंजवडीकर: आमच्याकडे तिघांचं काम एकाच्या गळ्यात घालून ध्यानाचं अ‍ॅप फुकट दिलं. मी दमलो म्हटल्यावर अप्रेझलमध्ये 'दबाव पेलण्याची क्षमता कमी' असा शेरा! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, त्यातही कामाच्या ठिकाणचा सततचा ताण हेच मूळ धरलंय. एचआरला ते दाखवलं, तर पुढच्या महिन्यात योगाचं सत्र ठेवलं.

वॉर्डातली सिस्टर: श्वासाच्या व्यायामाला एवढं हसू नका. नाइटला मला त्याचा खरंच उपयोग होतो. पण तो मी माझ्यासाठी करते. मेट्रनने स्टाफ कमी असल्याचं उत्तर म्हणून तो सांगितला, की डोकं फिरतं.

वस्तीशाळेच्या बाई: सर, ठराव करते. समितीचे अध्यक्ष स्वतःच ऊसतोडीला कोयत्यावर जातात, म्हणजे बैठक आत्ताच घ्यायला हवी. अर्जाची पोच दिली नाही तर?

निवृत्त केंद्रप्रमुख: स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. आणि अर्जात 'ताण' हा शब्द नको. पटसंख्या, मंजूर पदं, रिक्त पद, किती तारखेपासून, एवढंच लिहा. ताण लिहिलात की पुन्हा प्रशिक्षणाला बोलावतील.