रिकामी खोली आणि मन्सूर

कुणीतरी विचारलं होतं की पहिल्या घरात सामान लावताना कुणाला नवीन गाणं सापडलं का, तर हो, मला सापडलं, आणि तेही चुकून. पुण्यात कर्वेनगरला वन बीएचके घेतला होता, ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, डिपॉझिट आणि ब्रोकरेज भरून झाल्यावर हातात उरलं काय तर एक गादी, बादली, कुकर आणि ब्लूटूथ स्पीकर. घरी बाबांनी शास्त्रीय लावलं की मी दार लावून घ्यायचो. इथे ऑटोप्लेवर शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूर लागले आणि माझे हात कणकेत, बंद कोण करणार!

मला वाटायचं शास्त्रीय म्हणजे अर्धा तास नुसती आलापी, म्हणजे संथ सूर लावत बसणं, पण मन्सूरांच्या जयपूर-अत्रौली घराण्यात, म्हणजे त्यांच्या गायकीच्या परंपरेत, तसं नाही, गाणं बहुतेक मध्यलयीतच चालतं आणि एकातून एक तान, म्हणजे सुरांची वेगवान लड, निघत जाते, श्वास कुठे घेतात तेच कळत नाही राव. मग शोधलं तर घराण्याचे संस्थापक अल्लादियाखाँसाहेबांच्या दोन मुलांकडे, मंजीखाँ आणि बुर्जीखाँ, मन्सूरांची तालीम झालेली. त्यावरून याच घराण्याच्या गायिका केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, किशोरीताई आमोणकर असा महिनाभर माग काढत बसलो, पोळ्या मात्र अजूनही नकाशेच.

एक सांगतो, रिकाम्या खोलीत टाइल्स आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो, सगळं गिचमिड होतं. स्पीकर बदलू नका, आधी जाड पडदे आणि सतरंजी घ्या. मी उलटं केलं, पैसे गेले.