सँट्रोचा पुढचा बॉल जॉइंट गेलाय: नुसता जॉइंट बदलावा की अख्खा लोअर आर्म? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

गाडी 2007 ची सँट्रो झिंग, पेट्रोल. लाखाच्या पुढे चालली आहे. इंजिन उत्तम, तक्रार आहे ती डाव्या पुढच्या चाकाची. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना खालून ‘टक्’ असा एकच आवाज येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कुरकुरतं, आणि हायवेला गाडी सारखी सावरावी लागते. टायरही आतल्या कडेने झिजलाय.

आधी लिंक रॉडवर (सस्पेन्शनमधला छोटा दांडा) संशय होता, ते बदलले. आवाज तसाच. मग ओळखीच्या मेस्त्रींनी गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं. मी वाकून बघत होतो. लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) जागेवर, नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) मात्र हलत होतं, म्हणजे दोघांना जोडणारा बॉल जॉइंट गेलाय. जॉइंटचा बूट (रबरी टोपी) फाटलाय, आतल्या ग्रीसची मातीसकट खळ झालीय. चाक आडवं धरून हलवलं तर प्ले (ढिलेपणा) नाही, म्हणजे टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडचा सांधा) ठीक.

आता मेस्त्री म्हणतात, बुशसकट (आर्म गाडीला जिथे जोडतो तिथली रबरी बैठक) आर्मच बदला. दुसरे एक जण जुना जॉइंट प्रेसवर काढून फक्त नवा जॉइंट बसवून देतो म्हणतात, त्यात खर्च बराच वाचतो. तिसऱ्याने तर जॉइंटचा बॉल ज्यात फिरतो ती जुनीच वाटी दाबून वेल्डिंगचा टाका मारतो असं सांगितलं!

आई-दादांना दर गुरुवारी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला याच गाडीतून नेतो. दोघंही सत्तरीच्या पुढची. पैशांपेक्षा मला त्यांची काळजी आहे. काम होईपर्यंत गाडी चालवली तर चालेल का? नक्की काय करून घेऊ?

प्रतिसाद १

दादा, या गुरुवारी एसटीने जावा, गाडी काढू नका. बॉल वाटीतून निसटला की चाक वाकडं होऊन गाडी त्या बाजूला बसते, स्टिअरिंग हातात राहत नाही. आणि ते निसटणं बहुतेक वळताना नाहीतर ब्रेक दाबताना होतं.

वेल्डिंगवाल्याला हात जोडा. वाटीत बहुधा प्लास्टिकचं अस्तर असतं, उष्णतेने ते वितळतं. दोन दिवस घट्ट वाटेल, मग आधीपेक्षा वाईट.

नुसता जॉइंट बदलणं चुकीचं नाही, पण दोन गोष्टी बघा. आर्मचं भोक सैल झालेलं नसावं, नाहीतर नवा जॉइंट धरणार नाही. आणि बुशला टॉमी (लोखंडी पहार) लावून हलवून बघा. रबर फाटलं असेल तर आर्मच घ्या, उगाच दोनदा मजुरी जाते.

धागाकर्ता

खूप आभार. आज बघितलं, मागचा बुश चिरलाय. म्हणजे आर्मच घेतो. उजव्या बाजूचं काय करू? तिकडे आवाज नाही.

प्रतिसाद १

तीही जॅकवर घेऊन तशीच तपासा. दोन्ही बाजू एकाच वयाच्या आहेत. बूट फाटला असेल तर आवाजाची वाट बघू नका.

बसवताना मेस्त्रींना एक आवर्जून सांगा: बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर, गाडीचं वजन आल्यावर. चाक लटकत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती) असेल तर जुनी परत घालू देऊ नका. त्यानंतर अलाइनमेंट करा, मगच नवा टायर टाका.