कोहली आणि विषमता
राज्यशास्त्रज्ञ अतुल कोहली मुळात विकासदराचा अभ्यास करणारे, कोरिया-ब्राझील-भारत-नायजेरियाची तुलना केली आणि विषमतेकडे २०१२ च्या पुस्तकात वळले, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटलं नाही. त्यांचं १९८७ चं पुस्तकच गरिबीवर आहे आणि त्यात तुलना राज्यांची आहे, डाव्यांचा पश्चिम बंगाल, मुख्यमंत्री देवराज अर्स यांचं कर्नाटक आणि जनता राजवटीतला उत्तर प्रदेश. राज्यघटना एकच, मग गरिबांसाठीच्या सुधारणा बंगालमध्येच जास्त का जमल्या? तिथे ऑपरेशन बर्गा या नोंदणी मोहिमेत अधिकारी गावात जाऊन संध्याकाळी बटाईदारांना (दुसऱ्याची जमीन पिकाच्या वाट्यावर कसणाऱ्यांना) एकत्र बसवायचे, नावं नोंदवायचे, म्हणजे मालकाला मनात आलं म्हणून काढून टाकता येऊ नये. कोहलींच्या मते यामागे शिस्तीचा, गावापर्यंत पोचलेला पक्ष होता, अर्स यांच्याकडे इच्छा होती पण तशी संघटना नव्हती. मला तरी त्यांच्या सगळ्या कामात हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.