होडीवर चार्टसाठी कुठली ऑपरेटिंग सिस्टीम? (जुना लॅपटॉप, विंडोज की लिनक्स की रास्पबेरी पाय)

शीडवाला

नमस्कार मंडळी. २६ फुटी शिडाची होडी आहे, आत छोटं डिझेल इंजिन. होडी मांडव्याच्या बाजूला असते, मी पुण्यात. दिवाळीनंतर किनाऱ्याकिनाऱ्याने पणजीपर्यंत जायचा बेत आहे. मुरुड, हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण असे मुक्काम घेत, रात्रीचं शक्यतो न चालवता. आजवर मोबाईलवरच्या अ‍ॅपवर भागवलं. आता होडीत नीट कॉम्प्युटर बसवायचाय. सॉफ्टवेअर ओपनसीपीएन (पडद्यावर समुद्राचे नकाशे, म्हणजे चार्ट, दाखवणारं), एवढं नक्की.

घरात एक जुना लॅपटॉप पडून आहे. विंडोज १० आहे, ११ चढत नाही. भाचा म्हणतो, "मामा, लिनक्स टाका, हलकं आणि फुकट." क्लबातला मित्र म्हणतो रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) घे, वीज कमी खातो. मी स्वतः विंडोजच्या पलीकडे कधी गेलो नाही.

जोडायच्या वस्तू: यूएसबी जीपीएस, एआयएस रिसीव्हर (आसपासच्या जहाजांची जागा दाखवणारा), आणि जुना डेप्थ साउंडर (पाण्याची खोली मोजणारा), त्यातून एनएमईए ०१८३ च्या (होडीतली यंत्रं एकमेकांना डेटा देतात ती पद्धत) दोन वायरी बाहेर आल्यात. बॅटरी १०० एएच (अँपिअर-तास), लेड अ‍ॅसिड, एकच. इंजिनही तिच्यावरच सुरू होतं.

काय करू?

खिडकीबंद

डोळे झाकून लिनक्स. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता ते वापरण्यात अर्थ नाही. मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाका, वर ओपनसीपीएन टाका, तासाभराचं काम. अपडेट आपण म्हणू तेव्हाच होतो, मध्येच निळा पडदा आणि "कृपया थांबा" असली भानगड नाही. भाचा हुशार आहे.

सिडनीकर

मी मॅक वापरतो. ओपनसीपीएन मॅकवर छान चालतं, तक्रार नाही, पण फक्त त्यासाठी मॅक विकत घेऊ नका. आणि आयपॅडचा विचार असेल तर दोन गोष्टी. ओपनसीपीएन आयपॅडवर नाही, अँड्रॉइडवर आहे. आणि नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो, सिमवाल्यात असतो. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

जुना_इटीओ

शीडवालासाहेब, सगळं व्यवस्थित लिहिलंत आणि कळीची गोष्ट शेवटच्या ओळीत टाकलीत. बॅटरी एकच आणि इंजिनही तिच्यावरच. तुमचा निकाल तिथेच लागतो, विंडोज-लिनक्सचा नंतर बघू.

माझी नोकरी जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसरची, आता रत्नागिरीत घरी असतो. होड्यांवरची यंत्रं बघायला लोक बोलावतात. बिघडलेल्यांत सॉफ्टवेअरचा दोष क्वचित निघतो. बहुतेक वेळा वीज, नाहीतर वायर.

स्टार्टर फिरतो तेव्हा शंभराच्या वर अँपिअर ओढतो. १२ व्होल्टची बॅटरी त्या क्षणी दहाच्या आसपास येते, उतरलेली असेल तर आणखी खाली. पायला ५ व्होल्ट देणारा साधा कन्व्हर्टर तिथे मान टाकतो आणि पाय रीस्टार्ट होतो. आता सांगा, शिडाची होडी इंजिन सुरू कधी करते? वारा पडला की, नाहीतर बंदरात शिरताना. दाभोळच्या बाऱ्यावर, म्हणजे खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्याशी आलाय, शीड उतरवलंय, किल्ली फिरवली, आणि नेमका त्याच वेळी पडदा काळा. वर त्या क्षणी मेमरी कार्डावर काही लिहिणं चालू असेल तर कार्ड खराब व्हायची पाळी, मग पाय परत उठतच नाही.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. स्टार्टर फिरला काय न फिरला काय, त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून तुमच्या होडीसाठी तो पडून असलेला लॅपटॉपच बरा. अट एकच: त्याची बॅटरी तासभर तरी टिकायला हवी. घरी चार्जर काढा, ब्राइटनेस पूर्ण करा, ओपनसीपीएन चालू ठेवा आणि घड्याळ लावून बघा. पंधरा मिनिटांत बंद पडला तर आधी नवी बॅटरी घाला.

मित्राचं वीज कमी खाण्याचं म्हणणं खरं आहे. लॅपटॉप साधारण ३० वॅट धरा, म्हणजे १२ व्होल्टला अडीच अँपिअर, दहा तासांत २५ एएच. पाय आणि त्याचा पडदा मिळून त्याच्या निम्मं. लेड अ‍ॅसिड निम्म्यापेक्षा जास्त उतरवायची नसते, म्हणजे तुमच्या हाती ५० एएच. दिवसाच्या प्रवासाला पुरतं, शिवाय इंजिन चाललं की भरतं. फक्त इन्व्हर्टर लावून त्यावर घरचा चार्जर चालवू नका, त्यात फुकट वीज जाते. १२ वरून सरळ १९ व्होल्ट करणारा डीसी अ‍ॅडॉप्टर मिळतो, तो घ्या.

आता सिस्टीम. मी सांगतो ते खिडकीबंद यांना आवडणार नाही: विंडोज १० राहू द्या.

सपोर्ट संपला हे खरं, पण सपोर्ट कशासाठी लागतो? इंटरनेटवरून येणाऱ्या भानगडींसाठी. या लॅपटॉपला इंटरनेट देऊच नका. वायफाय बंद. मेल नाही, बँक नाही, यूट्यूब नाही. हवामान मोबाईलवर बघा. मोठ्या जहाजांवर इसीडीआयएस, म्हणजे पडद्यावर चार्ट दाखवणारी यंत्रणा, २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, त्यातले कितीतरी संच आतून जुन्या विंडोजवरच चालायचे. ते सुरक्षित राहायचे ते अपडेटमुळे नव्हे. बाहेरच्या नेटवर्कला ते जोडलेले नसायचे आणि कोणाचाही पेनड्राइव्ह त्यांत खुपसू देत नसत, म्हणून. तुम्हीही चार्टचा एक पेनड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यात लग्नाचे फोटो नकोत.

विंडोजच्या खोड्या मात्र आधी काढाव्या लागतात. सगळ्यात विचित्र म्हणजे माऊसची. जीपीएस चालू असताना विंडोज उठलं, की सिरीयल पोर्टवरून येणारा डेटा बघून त्याला कधीकधी वाटतं की हा माऊसच आहे. मग बाण पडद्यावर भुतासारखा उड्या मारतो, खिडक्या उघडतो, बंद करतो. घाबरू नका, व्हायरस नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या यादीत 'सिरीयल बॉलपॉइंट' नावाची नोंद दिसेल, ती डिसेबल करा. अनइन्स्टॉल करू नका, परत येते.

दुसरं, पॉवर ऑप्शनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, नाहीतर वीज वाचवायला म्हणून जीपीएसला झोपवतं. तिसरं, स्वस्त अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या भोकात घातला की कॉम पोर्टचा नंबर बदलतो आणि ओपनसीपीएन जुन्याच नंबरवर वाट बघत बसतं. भोकाला आणि वायरीला एकाच रंगाची टेप लावा. डेप्थ साउंडर ४८०० बॉडवर (डेटाचा वेग) बोलतो, एआयएस ३८४०० वर. आकडे अदलाबदल झाले तर नुसता कचरा दिसतो.

साउंडरसाठी यूएसबी-सिरीयल वायर घ्याल ती एफटीडीआय चिपची घ्या. नकली चिपच्या वायरीला विंडोजचा नवा ड्रायव्हर दारातूनच परत पाठवतो. लिनक्स तिच्यावरही निमूट चालतं, तेवढा गुण भाच्याच्या बाजूने.

आणि हे सगळं करायच्या आधी चार्टचं बघा. अमेरिकेत नोआ ही सरकारी संस्था आपले चार्ट फुकट देते, त्यामुळे नेटवरचे बरेच सल्ले तिथल्या हिशेबाने असतात. आपल्या किनाऱ्याचे अधिकृत चार्ट डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं. विक्रेत्याला विचारा की फाईल कुठल्या स्वरूपात मिळेल आणि ओपनसीपीएनचं प्लगइन तुमच्या सिस्टीमवर ती उघडतं का. कुलूपबंद चार्टचा परवाना यंत्राला बांधलेला असतो. आज विंडोजवर चार्ट घेतले आणि पुढच्या महिन्यात भाच्याने सगळं पुसून लिनक्स टाकलं, तर परवान्यासाठी पत्रव्यवहार करत बसाल. डोंगलवर (यूएसबीत लावायची किल्ली) परवाना मिळत असेल तर तोच घ्या, तो एका यंत्रातून काढून दुसऱ्यात लावता येतो.

खिडकीबंद

काका, विंडोजचं पटलं नाही, पण पायचं सांगतो. मेमरी कार्डाऐवजी एसएसडीवरून बूट करा आणि कन्व्हर्टर चांगला घ्या, मग पाय पडत नाही. मी नदीवर वापरलाय.

जुना_इटीओ

चांगला कन्व्हर्टर आणि एसएसडी असेल तर पाय उत्तम, वाद नाही. पण नदीला भरती-ओहोटी नव्हती ना? पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण बॅटरी वेगळी लावावी लागते. इंटरनेट नसलं की तो शेवटचा बंद झाला तिथूनच वेळ मोजायला लागतो. म्हणजे गेल्या रविवारी बंद केला असेल तर आज रविवारचीच ओहोटी दाखवेल, तीही पूर्ण आत्मविश्वासाने. जीपीएसवरून वेळ घ्यायची सोय होते, पण ती आपण करावी लागते, आपोआप नाही. शीडवाला यांना पहिल्याच प्रवासात हे कशाला?

लिनक्सच टाकणाऱ्यांसाठी: यूजरला डायलआउट ग्रुपमध्ये घाला, नाहीतर पोर्ट दिसतं पण उघडत नाही. उबंटू २२.०४ वर बीआरएलटीटीवाय नावाचा ब्रेलचा प्रोग्राम काही यूएसबी-सिरीयल वायरी स्वतःच पकडून बसतो, तो काढा. आणि ओपनसीपीएनमध्ये पोर्ट देताना टीटीवाययूएसबी० असं देऊ नका, पुढच्या वेळी जीपीएस आणि एआयएस जागा बदलतात. बाय-आयडीवालं लांब नाव द्या.

हर्णैकर

सिस्टीम कुठलीपण घ्या, पण आमचे खुंट आणि जाळी त्यात दिसनार नाहीत हे ध्यानात ठेवा. डोल जाळ्यांचे (खुंटाला बांधून ठेवतो ती जाळी) खुंट पाण्याच्या वर थोडेच असतात, भरतीला काही बुडतात. एआयएसवर मोठी जहाजं दिसतील, लहान होड्या दिसतीलच असं नाही. हर्णैला संध्याकाळी लिलावाच्या वेळेला होड्यांची गर्दी असते, तेव्हा डोकं वर ठेवून या. पंख्यात जाळं गुतलं तर दोघांचं पन नुकसान.

जुना_इटीओ

हर्णैकरांना दुजोरा. आणि जे चार्टात असतं तेही झूम बाहेर असेल तर दिसत नाही. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्वो ओशन रेसमधली व्हेस्टास विंड ही शर्यतीची नौका मॉरिशसच्या ईशान्येला कारगाडोस काराजोसच्या प्रवाळावर चढली. पट्टीचे खलाशी, उत्तम यंत्रं. त्यांनी ज्या झूमवर मार्ग बघितला त्यात तिथला धोका नीट उमटलाच नव्हता. मालवणला सिंधुदुर्गाभोवतीचे खडक आणि पुढे वेंगुर्ल्याचे बर्न्ट आयलंड, दोन्हीकडे आदल्या संध्याकाळी पूर्ण झूम करून मार्गाची रेघ इंच इंच तपासा.

शीडवाला

सगळ्यांचे आभार. ठरलं, लॅपटॉप आणि विंडोज १०. भाचा जरा हिरमुसलाय. दोन शंका. एक, उन्हात कॉकपिटमधून लॅपटॉपचा पडदा काही दिसत नाही, त्याचं काय? दोन, दुसरी बॅटरी लावायला जागा आहे, लावू का?

जुना_इटीओ

भाच्याला काम द्या. एका पेनड्राइव्हवर लिनक्स आणि ओपनसीपीएन टाकून द्यायला सांगा, सेटिंग टिकतील असं. विंडोज उठलं नाही तर त्यावरून बूट करा. परवान्याचे चार्ट त्यात उघडतील की नाही ते आधी तपासा.

पडदा: लॅपटॉप आत टेबलावरच राहू दे, पाणीही उडत नाही. कॉकपिटमध्ये अँड्रॉइड टॅबलेट ठेवा आणि लॅपटॉपवरून स्थिती, खोली, एआयएस सगळं वायफायवर १०११० पोर्टला पाठवा. छोटा राउटर १२ व्होल्टवर चालतो. हे होडीतलंच वायफाय, त्याला इंटरनेट जोडायचं नाही. विंडोजचा फायरवॉल पहिल्यांदा परवानगी विचारेल, ती द्या. टॅबलेट सावलीत ठेवा, उन्हात तापला की आपणहून बंद होतो. टॅबलेटमध्ये स्वतःचा जीपीएस असलेलाच घ्या, लॅपटॉप गेला तरी तो एकटा चालेल.

दुसरी बॅटरी: जरूर लावा. एक फक्त स्टार्टरला, दुसरी बाकी सगळ्याला, मध्ये व्हीएसआर (व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा-तोडणारा रिले), म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही भरतील आणि बंद असताना वेगळ्या राहतील. लॅपटॉपच्या वायरीवर बॅटरीजवळच योग्य मापाचा फ्यूज. बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधा आणि टोकांना रबरी टोप्या घाला.